अमेरिकेत कॉलेज कौन्सेलिंग आणि स्टुडंट अफेअर्स शिकायचंय? अर्ज भरण्याआधी हे वाचा

गेल्या दिवाळीत सांगलीला घरी गेले होते, तेव्हा मावसबहिणीच्या ओळखीतली एक मुलगी भेटायला आली. मानसशास्त्रात एम.ए.चं शेवटचं वर्ष, हातात वही. "ताई, मला कॉलेजमधली समुपदेशक व्हायचंय. अमेरिकेतली पाच विद्यापीठं काढलीत, बघता का?" बघितली. पाचपैकी तीन अभ्यासक्रम समुपदेशनाचे नव्हतेच. नावात 'कॉलेज' होतं, 'स्टुडंट' होतं, एकात 'पर्सोनेल' होतं. पण समुपदेशकाच्या परवान्यासाठी लागतात ते विषय आणि ते तास त्यांत नव्हते. दोन वर्षं आणि घरावर काढलेलं कर्ज खर्चून ती चुकीच्या दारातून बाहेर पडली असती.

दोष तिचा नाही. बाहेरून बघणाऱ्याला ही सगळी नावं सारखीच दिसतात. मीही अर्ज करताना अशीच चाचपडले होते आणि तेव्हा मराठीतून सांगणारं कुणी सापडलं नव्हतं. म्हणून त्या दुपारी तिच्या वहीत जे लिहून दिलं, तेच इथे सविस्तर मांडते आहे.

१. आधी 'कौन्सेलर' हा शब्द सोडवून घ्या

आपल्याकडे 'कौन्सेलर' म्हटलं की अनेकांना परदेशी शिक्षणाच्या एजन्सीत बसून विद्यापीठं सुचवणारा माणूस आठवतो. अमेरिकेत हायस्कूलमध्ये एक 'कॉलेज कौन्सेलर' असतो; तो बारावीच्या मुलांना कॉलेजप्रवेशाचे अर्ज भरायला मदत करतो. विद्यापीठाच्या कौन्सेलिंग सेंटरमध्ये बसतो तो वेगळा. नैराश्य, चिंता, घरातला मृत्यू, मोडलेलं नातं असं काही घेऊन आलेल्या विद्यार्थ्याबरोबर तो दार लावून पन्नास मिनिटं बसतो, आणि त्यासाठी त्याच्याकडे राज्याचा परवाना असतो किंवा तो परवान्याच्या वाटेवर असतो. कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांत तर 'कौन्सेलर' हे प्राध्यापकवर्गातलं पद आहे. तिथे विषय निवडण्यापासून वैयक्तिक अडचणींपर्यंत सगळं त्याच्याकडे येतं.

नोकरीची जाहिरात वाचताना किंवा अभ्यासक्रमाचं पान बघताना पहिला प्रश्न हाच ठेवा: यांतला कुठला कौन्सेलर?

२. दोन दारं आहेत, त्यातलं एक निवडा

हा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा आहे. बाकी सगळं याच्यावर टेकलेलं आहे.

पहिलं दार समुपदेशनाचं. पदवी 'कौन्सेलिंग'मध्ये मास्टर्स, साधारण ६० क्रेडिट, पूर्ण वेळ शिकलात तर दोन ते तीन वर्षं. पुढे कौन्सेलिंग सेंटर, आणि मनात आलं तर विद्यापीठाबाहेरची प्रॅक्टिससुद्धा. हातात येतो तो परवाना. त्याचं नाव राज्याराज्यात बदलतं, कुठे 'लायसन्स्ड प्रोफेशनल कौन्सेलर', कुठे 'लायसन्स्ड मेंटल हेल्थ कौन्सेलर'.

दुसरं दार स्टुडंट अफेअर्सचं. अभ्यासक्रमाची नावं बरीच: हायर एज्युकेशन अँड स्टुडंट अफेअर्स, कॉलेज स्टुडंट पर्सोनेल, स्टुडंट अफेअर्स ॲडमिनिस्ट्रेशन. क्रेडिट कमी, साधारण ३६ ते ४८, आणि बहुतेक ठिकाणी दोन वर्षं. इंडियाना विद्यापीठ (ब्लूमिंग्टन), बोलिंग ग्रीन स्टेट, मिशिगन स्टेट, आयोवा स्टेट, मेरीलँड ही या क्षेत्रात मानाने घेतली जाणारी नावं. इथून माणसं वसतिगृहं चालवायला जातात, ओरिएंटेशन, करिअर सेंटर, अकॅडेमिक ॲडव्हायझिंग, शिस्तीची प्रकरणं, आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांचं कार्यालय, अपंग विद्यार्थ्यांसाठीच्या सोयी, विद्यार्थी संघटना अशा विभागांत काम करतात. आपल्या विद्यापीठांतलं विद्यार्थी विकास मंडळ, हॉस्टेलचे रेक्टर, एनएसएसचे कार्यक्रम अधिकारी आणि प्लेसमेंट सेल यांची कामं एकत्र करून त्याचा स्वतंत्र व्यवसाय केला, तर तो कसा दिसेल याची कल्पना करा. या दारातून समुपदेशकाचा परवाना मिळत नाही आणि या कामाला तो लागतही नाही.

मधली एक वाट आहे. काही विद्यापीठांत समुपदेशनाच्याच पदवीत 'कॉलेज कौन्सेलिंग अँड स्टुडंट अफेअर्स' ही खास शाखा असते. मी तीच घेतली. मूलभूत समुपदेशन सगळं शिकवतात, शिवाय विद्यापीठ कसं चालतं तेही शिकवतात. मात्र अशा ठिकाणी एक प्रश्न लेखी विचारून घ्या: "या शाखेतून पास झालेल्याला तुमच्या राज्यात परवान्यासाठी अर्ज करता येतो का, की आणखी विषय घ्यावे लागतात?" काही राज्यं निदान आणि उपचारनियोजनाचे जास्तीचे विषय मागतात. उत्तर ईमेलवर हवं. फोनवरच्या शब्दावर विसंबू नका.

कुठलं दार आपलं, हे कसं ओळखायचं? मी त्या मुलीला विचारलं, "हॉस्टेलमध्ये रात्री दोन वाजता एखादी मुलगी रडत बसली असेल, तर तुला तिच्याशेजारी बसून तिचं ऐकायला आवडेल, की दुसऱ्या दिवशी सकाळी उठून हॉस्टेलमध्ये असं काय बदललं म्हणजे अशा मुली एकट्या पडणार नाहीत, यावर काम करायला आवडेल?" ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "दुसरं." तिच्या यादीतली ती तीन विद्यापीठं तिच्यासाठी बरोबर होती आणि उरलेली दोन चुकीची.

३. केक्रेपची मान्यता तपासा

पहिलं दार निवडलं असेल तर 'केक्रेप' (CACREP) हा शब्द पाठ करा. समुपदेशनाच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणारी ही अमेरिकेतली संस्था. कॉलेज कौन्सेलिंग अँड स्टुडंट अफेअर्स ही तिच्या मान्यताप्राप्त शाखांपैकी एक आहे. मान्यता विद्यापीठाला नसते, त्यातल्या ठरावीक अभ्यासक्रमाच्या ठरावीक शाखेला असते. एकाच विभागात शालेय समुपदेशनाला मान्यता आहे आणि तुमच्या शाखेला नाही, असंही होतं. केक्रेपच्या संकेतस्थळावरच्या यादीत विद्यापीठ आणि शाखा दोन्ही शोधा.

मान्यता असेल तर काय मिळतं? ६० क्रेडिट, आठ मूलभूत क्षेत्रं (व्यवसायनीती, सांस्कृतिक ओळख, मानवी विकास, करिअर, समुपदेशनाची कौशल्यं, गटसमुपदेशन, मूल्यमापन, संशोधन) आणि प्रत्यक्ष कामाचे ७०० तास. यातले १०० तास प्रॅक्टिकमचे, म्हणजे इंटर्नशिपआधीच्या पहिल्या सरावाचे, त्यात किमान ४० तास प्रत्यक्ष विद्यार्थ्यासमोर बसून. ६०० तास इंटर्नशिपचे, त्यात किमान २४० तास समोरासमोर. परवान्याचा अर्ज अशा पदवीवर सुरळीत पुढे सरकतो. मान्यता नसेल तर प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम काढून दाखवत बसावं लागतं.

स्टुडंट अफेअर्सच्या दाराला अशी मान्यता लागत नाही. तिथे प्राध्यापक कोण आहेत, गेल्या दोन-तीन वर्षांतले विद्यार्थी कुठे लागले आणि असिस्टंटशिप (विद्यापीठातच काम, त्याबदल्यात फीमाफी आणि मानधन) किती जणांना मिळते, एवढं विचारा.

४. तीन वर्षांच्या पदवीचा प्रश्न

आपली बी.ए. तीन वर्षांची, त्यांची चार वर्षांची. काही विद्यापीठं तीन वर्षांची पदवी थेट घेतात, काही परदेशी पदवी तोलून बघणाऱ्या मूल्यांकनसंस्थेचा अहवाल मागतात, काही नाकारतात. डब्ल्यूईएससारख्या संस्थेकडून अहवाल घेताना तुमच्या विद्यापीठाची नॅकची श्रेणी आणि तुमचा वर्ग या दोन्ही गोष्टींना वजन असतं. एम.ए. झालेलं असेल तर हा अडथळा बहुधा उरत नाही. एम.ए. नसेल, तर अर्जाची फी भरण्याआधी प्रवेश कार्यालयाला विचारा.

ट्रान्सक्रिप्टसाठी विद्यापीठात लवकर जा. परीक्षा विभागाच्या खिडकीवर किती फेऱ्या होतील हे कुणीच आधी सांगू शकत नाही. मी डिसेंबरच्या मुदतीसाठी ऑगस्टमध्ये अर्ज केला होता आणि सीलबंद पाकिटं नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात हातात पडली.

या टप्प्याला गोळा करायची कागदपत्रं:

– सर्व वर्षांच्या मार्कशीट आणि विद्यापीठाचं अधिकृत ट्रान्सक्रिप्ट, किमान चार प्रती
– पदवी प्रमाणपत्र, किंवा तोपर्यंत तात्पुरतं प्रमाणपत्र
– टोफेल, आयईएलटीएस किंवा विद्यापीठ स्वीकारत असेल ती इंग्रजीची परीक्षा. जीआरई बऱ्याच ठिकाणी मागत नाहीत, तरी पान नीट वाचा
– तीन शिफारसपत्रं
– उद्देशपत्र आणि बायोडेटा
– पासपोर्ट. त्यावरचं नाव आणि मार्कशीटवरचं नाव अक्षराअक्षराला जुळलं पाहिजे

शेवटच्या मुद्द्यापाशी थांबते. आपल्याकडे मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, कधी शेवटी आईचंही. लग्न झालेलं असेल तर गुंता वाढतो. पासपोर्टमध्ये आडनाव आणि नाव कुठल्या रकान्यात आहे ते बघून अर्जात तसंच्या तसं लिहा. एकदा आय-२० वर (व्हिसासाठी विद्यापीठ पाठवतं त्या कागदावर) उलटं छापलं गेलं की पुढे बँक, विमा, ड्रायव्हिंग लायसन्स, सगळीकडे तीच चूक मागे लागते.

५. उद्देशपत्र: आपल्याकडे अनुभव असतो, त्याला नाव नसतं

आपली मुलं लिहितात, "मला लहानपणापासून लोकांना मदत करायला आवडतं." हे वाक्य प्रवेशसमितीने शेकडो वेळा वाचलेलं असतं. दुसरीकडे, सांगण्यासारखं जे असतं ते सांगायचं राहून जातं, कारण ते 'अनुभव' आहे हेच आपल्याला ठाऊक नसतं.

तुम्ही एनएसएसच्या सात दिवसांच्या शिबिरात गटप्रमुख होतात? पन्नास मुलांची राहण्या-जेवणाची सोय, भांडणं, आजारपण सगळं बघितलंत? हे स्टुडंट अफेअर्स आहे. 'कमवा आणि शिका' योजनेत ग्रंथालयात काम केलंत, नवीन मुलांना फॉर्म भरून दिलेत? तेही आहे. गॅदरिंगच्या समितीत होतात, युवक महोत्सवाला संघ घेऊन गेलात, हॉस्टेलच्या मेसचा हिशेब ठेवलात, गावाकडून पहिल्यांदाच शहरात आलेल्या मैत्रिणीला पहिलं सत्र तग धरायला मदत केलीत? सगळं आहे. फक्त काय घडलं, तुम्ही काय केलंत, काय चुकलं आणि त्यातून कुठला प्रश्न मनात राहिला, हे नेमकं लिहा.

मी माझ्या पत्रात वसतिगृहांबद्दल लिहिलं होतं. अमेरिकेत या व्यवसायाच्या दोन मोठ्या संघटना आहेत, नॅस्पा आणि एसीपीए. नॅस्पाची सुरुवात १९१९ मध्ये विस्कॉन्सिनला झाली. त्याच वर्षी कर्मवीर भाऊराव पाटलांनी काले इथे रयत शिक्षण संस्था सुरू केली. एसीपीएचा उगम १९२४ चा, आणि त्याच वर्षी साताऱ्यात कर्मवीरांनी सर्व जातींच्या मुलांसाठी छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस काढलं. त्याच्याही आधी, १९०१ मध्ये, राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात पहिलं बोर्डिंग उघडलं होतं. एकमेकांशी काही संबंध नसलेल्या या घटना. पण मुलगा कुठे राहतो, काय खातो, कुणासोबत बसतो यावर त्याचं शिक्षण उभं असतं, ही जाण दोन्हीकडे होती. अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशनने १९३७ मध्ये एक छोटं निवेदन काढलं, त्यात विद्यार्थ्याकडे केवळ बुद्धी म्हणून न बघता पूर्ण माणूस म्हणून बघा, असं म्हटलं आहे. आजही या क्षेत्रातल्या शिक्षणात ते वाचायला लावतात. मी लिहिलं की माझे आजोबा बोर्डिंगात राहून शिकले म्हणून मी आज हा अर्ज लिहू शकते आहे. मुलाखतीत दोन प्राध्यापकांनी याच परिच्छेदाबद्दल विचारलं. तुमचा परिच्छेद वेगळा असेल, पण तो तुमच्याच घरातून किंवा कॉलेजातून आलेला असू द्या.

शिफारसपत्रांबद्दल एकच सूचना: विभागप्रमुखांची सही मोठी वाटते, पण तुम्हाला काम करताना ज्यांनी बघितलं त्या एनएसएसच्या सरांचं पत्र जास्त उपयोगी पडतं. त्यांना तुमच्या कामाचे दोन-तीन प्रसंग लिहून द्या, म्हणजे पत्र गुळमुळीत होणार नाही.

६. प्रवेश वेगळा, असिस्टंटशिप वेगळी

इथे मी स्वतः अडकले. प्रवेशाचं पत्र आलं, घरात पेढे वाटले, आणि मग कळलं की असिस्टंटशिपसाठी स्वतंत्र अर्ज आणि स्वतंत्र मुलाखती असतात आणि त्यांची मुदत तीन आठवड्यांपूर्वीच संपली होती. प्रवेशाच्या पत्रात त्याचा उल्लेख नव्हता. पहिलं सत्र पूर्ण फी भरून काढावं लागलं. वडिलांनी तेव्हा काही बोलून दाखवलं नाही, पण त्या चार महिन्यांचा भार मला अजून आठवतो.

म्हणून सुरुवातीलाच विचारा. या क्षेत्रात ग्रॅज्युएट असिस्टंटशिप हा शिक्षणाचाच भाग मानतात. आठवड्याला साधारण २० तास काम, त्याबदल्यात फीमाफी आणि दरमहा मानधन. अर्जाच्या मुदती बहुतेक डिसेंबर-जानेवारीत, मुलाखती फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि पुष्कळ विद्यापीठांत आर्थिक मदतीचा प्रस्ताव स्वीकारायची शेवटची तारीख १५ एप्रिल. मुलाखती व्हिडिओवर द्यायची सोय आहे का ते आधीच विचारून घ्या. नुसत्या मुलाखतीसाठी तिकडे जाणं कुणाला परवडत नाही.

सगळ्यात फायद्याची असिस्टंटशिप वसतिगृहातली. राहायला खोली किंवा छोटं घर मिळतं, पुष्कळदा जेवणही. पण नीट समजून घ्या: तुम्ही राहता तिथेच काम करता. ड्युटीच्या रात्री फोन उशाशी ठेवून झोपायचं. पहाटे आगीचा अलार्म, दारू पिऊन बेशुद्ध पडलेला मुलगा, रूममेटची भांडणं, आणि कधीकधी स्वतःच्याच जिवावर उठलेलं कुणी. मी दीड वर्ष केलं आणि या व्यवसायातलं जे काही मला येतं, त्यातलं अर्धं त्या कॉरिडॉरमध्ये शिकले. पण ज्याची झोप नाजूक आहे, त्याने करिअर सेंटर किंवा ॲडव्हायझिंग बघावं.

प्रस्तावपत्र आलं की चार गोष्टी शोधा: फीमाफी पूर्ण की अर्धी, ती उन्हाळी सत्राला लागू आहे का, 'ट्यूशन' माफ असली तरी 'फीज' नावाखाली वेगळे पैसे भरायचे आहेत का, आणि आरोग्यविमा कुणी भरायचा. तिसरी आणि चौथी गोष्ट मिळून दर सत्राला चांगलाच खड्डा पाडतात.

७. व्हिसा

याबद्दल माहिती भरपूर मिळते, म्हणून थोडक्यात. विद्यापीठ आय-२० पाठवतं, मग सेविसची (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची) ३५० डॉलर फी, व्हिसाचा डीएस-१६० फॉर्म, १८५ डॉलर व्हिसा फी, बोटांचे ठसे आणि मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत मुलाखत. बँकेचं कर्जमंजुरीचं पत्र, ठेवींच्या पावत्या आणि असिस्टंटशिपचं पत्र सोबत ठेवा.

मुलाखतीत अडचण येते ती विषय समजावताना. 'स्टुडंट अफेअर्स' म्हणजे काय, हे समोरच्याला एका वाक्यात कळलं पाहिजे. "विद्यापीठातली वसतिगृहं, विद्यार्थीसेवा आणि विद्यार्थ्यांचं कल्याण सांभाळण्याचं व्यावसायिक शिक्षण", इतकं इंग्रजीत सहज म्हणता आलं पाहिजे. आरशासमोर दहा वेळा म्हणा.

८. वर्गात गेल्यावर: उपदेश मागे ठेवायला शिका

आपला शब्दच बघा, समुपदेशन. त्यात उपदेश बसलेला आहे. आणि या शिक्षणाचं पहिलं वर्ष जातं ते तोच उपदेश सोडायला शिकण्यात.

कौशल्यांच्या तासाला आम्ही एकमेकांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करायचो आणि मग शब्दन् शब्द उतरवून काढायचो. माझ्या पहिल्या वीस मिनिटांत अकरा ठिकाणी मी काहीतरी सुचवलं होतं. "आईशी बोलून बघ." "वेळापत्रक कर." सुपरवायझरने प्रत्येक ठिकाणी फक्त एक प्रश्न लिहिला: "हे सांगताना तुला कशाची घाई होती?" त्या प्रश्नाने मला रडवलं. मोठ्या बहिणीच्या, मावशीच्या, बाईंच्या भूमिकेत आपण लहानपणापासून वाढतो. कुणी दुःख सांगितलं की उपाय देणं हेच प्रेम, असं आपल्याला वाटतं. समोरचा गप्प असेल तर आपणही गप्प बसायचं, त्याचेच शब्द त्याला परत ऐकवायचे, आणि त्याची वाट त्याला सापडेपर्यंत थांबायचं. हे अंगवळणी पडायला मला दोन सत्रं लागली. मराठी मुलांना याला वेळ लागतो. तो लागू द्या आणि पहिल्या कमी गुणांनी खचून जाऊ नका.

सिद्धान्तांचा भाग तुलनेने सोपा. चिकरिंगचे विद्यार्थीविकासाचे सात प्रवाह, श्लॉसबर्गची स्थित्यंतराची मांडणी, सॅनफर्डचं आव्हान आणि आधार यांच्या तोलाचं म्हणणं. वाचताना एक प्रश्न सतत विचारा: हे कुणाला बघून लिहिलं? अठराव्या वर्षी घर सोडून स्वतंत्र होणं हीच वाढ, असं गृहीत धरलेलं असेल, तर पहिल्या पगारातून भावाची फी भरणारी मुलगी त्यात कुठे बसते? मी हा प्रश्न वर्गात विचारला तेव्हा प्राध्यापकांना तो आवडला, आणि माझ्या शेजारची मेक्सिकन कुटुंबातली मुलगी म्हणाली, "माझ्या घरीही असंच आहे."

कायद्यांपैकी फर्पा, म्हणजे विद्यार्थ्यांच्या नोंदींच्या गोपनीयतेचा कायदा, पहिल्या आठवड्यातच शिका. १९७४ च्या या कायद्याने विद्यार्थ्याची नोंद ही त्याची स्वतःची असते. आई-वडिलांनी फोन करून "मुलगा वर्गात येतो का?" विचारलं तरी सहसा त्याच्या संमतीशिवाय सांगता येत नाही, जिवाला धोका असेल तेव्हा अपवाद असतो. आपल्याला हे कठोर वाटतं. पण पालकांचा फोन आदराने ऐकून घेता येतो, "तुम्ही त्याच्याशी कसं बोलाल?" यावर त्यांना मदत करता येते, आणि कायदाही मोडत नाही.

आणखी एक फरक मनात पक्का करून घ्या. समुपदेशकाला सांगितलेलं गोपनीय राहतं, जीव धोक्यात असेल किंवा लहान मुलाचा छळ होत असेल असे मोजके अपवाद सोडून. वसतिगृहातल्या कर्मचाऱ्याचं तसं नसतं. लैंगिक अत्याचाराबद्दल त्याला कळलं, तर त्याने ते विद्यापीठाच्या टायटल नाइन कार्यालयाला (लिंगभेद आणि लैंगिक छळाच्या तक्रारी बघणाऱ्या) कळवावं, असा बहुतेक विद्यापीठांचा नियम असतो. सकाळी तुम्ही प्रॅक्टिकममध्ये समुपदेशक आणि रात्री हॉस्टेलमध्ये कर्मचारी असाल, तर एकच गोष्ट ऐकून तुमची कर्तव्यं दोन निघतात. म्हणून हॉस्टेलमध्ये कुणी "एक सांगू का?" म्हणालं, की तिने पुढे बोलण्याआधीच "मी हे स्वतःपाशी ठेवू शकणार नाही, पण जिथे ठेवतात तिथे तुला आत्ता घेऊन जाते" असं सांगायचं. हे वाक्य मराठीत, हिंदीत, इंग्रजीत तोंडपाठ ठेवा.

प्रॅक्टिकमच्या जागा एक सत्र आधी शोधायला लागतात. व्यावसायिक विमा घ्यावा लागतो. व्यावसायिक संघटनेच्या विद्यार्थी सभासदत्वातून तो स्वस्तात मिळतो. दर आठवड्याला सरासरी एक तास सुपरवायझरबरोबर आणि दीड तास गटात चर्चा असते. तासांची वही रोज भरा, महिनाअखेरीला सही घ्या आणि स्कॅन करून ठेवा. सुपरवायझर नोकरी बदलतात. दोन वर्षांनी जुन्या तासांवर सही मिळवणं फार अवघड जातं.

९. कामाचे तास, ओपीटी आणि परवाना

एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासच काम करता येतं आणि असिस्टंटशिप त्यातच मोजली जाते. इंटर्नशिप विद्यापीठाबाहेर असेल, तर पगार असो वा नसो, पहिला दिवस भरण्याआधी आंतरराष्ट्रीय कार्यालयाकडून आय-२० वर सीपीटीची (शिकत असताना अभ्यासक्रमाचा भाग म्हणून बाहेर काम करायच्या परवानगीची) नोंद करून घ्या. पूर्ण वेळ सीपीटी १२ महिने किंवा जास्त झाली की त्या पदवीवरची ओपीटी (पदवीनंतर आपल्या विषयात काम करायची परवानगी) गमावता, हे लक्षात ठेवून तास आखा.

पदवीनंतर ओपीटीचे १२ महिने मिळतात. इंजिनियर मित्रांना आणखी २४ महिने मिळतात, आपल्याला नाही, कारण आपला विषय त्या यादीत बसत नाही. आणि परवान्यासाठी पदवीनंतर देखरेखीखाली करायचे तास राज्यानुसार साधारण २,००० ते ४,००० असतात, शिवाय एनसीई किंवा एनसीएमएचसीई ही समुपदेशकांची राष्ट्रीय परीक्षा. एका वर्षात हे सगळं बसत नाही. पहिल्या दारातून जाणाऱ्याने हे गणित प्रवेशाआधीच मांडायला हवं.

वाट कुठे आहे? विद्यापीठं एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या वार्षिक मर्यादेतून आणि लॉटरीतून वगळलेली असतात. त्यामुळे ओपीटी विद्यापीठातच करा आणि मुलाखतीतच विचारा: "तुम्ही या पदासाठी एच-१बी देता का?" सगळी विद्यापीठं प्रत्येक पदासाठी देत नाहीत. हे नियम आणि त्यांची फी बदलत राहते. निर्णयाच्या दिवशी आंतरराष्ट्रीय कार्यालयाकडून ताजी स्थिती घ्या. ओपीटीचा अर्ज अभ्यासक्रम संपण्याच्या ९० दिवस आधीपासून करता येतो. पहिल्याच आठवड्यात करा, कारण ओपीटीच्या काळात एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त बेकार राहिलं तर व्हिसाचा दर्जा जातो.

१०. परत यायचं असेल तर

त्या मुलीच्या आईचा प्रश्न हाच होता: "परत आली तर इथे काय?" प्रामाणिकपणे सांगते. कर्ज काढून जाऊन लगेच परत यायचंच ठरलेलं असेल, तर आधी इथले अभ्यासक्रम बघा. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत समुपदेशनाचं चांगलं शिक्षण मिळतं, खर्च कितीतरी कमी आणि इथल्या मुलांबरोबर काम करायला मिळतं.

मात्र इथे कामाची गरज वाढते आहे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांनुसार १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमला पाहिजे. महाराष्ट्रातल्या कॉलेजांची संख्या बघता ही किती मोठी जबाबदारी आहे, याचा अंदाज करा. दोन गोष्टी मात्र स्पष्ट असू द्या. अमेरिकेतल्या समुपदेशनाच्या मास्टर्सवर इथे स्वतःला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवता येत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. आणि सरकारी किंवा अनुदानित कॉलेजात नोकरी हवी असेल तर परदेशी पदवीची समकक्षता काढावी लागते. २०२५ च्या नियमांपासून ते काम यूजीसीकडे आहे.

निघण्याआधी तिथून हे कागद घेऊन या: सीलबंद ट्रान्सक्रिप्ट, प्रत्येक विषयाचा संपूर्ण अभ्यासक्रम पीडीएफमध्ये, सह्या असलेली तासांची वही, प्रॅक्टिकम आणि इंटर्नशिपच्या सुपरवायझरची लेटरहेडवरची पत्रं ज्यांत तास आणि कामाचं स्वरूप लिहिलेलं आहे, परीक्षेचा निकाल, आणि परवाना मिळाला असेल तर त्याची प्रत. सगळ्याची एक प्रत आई-वडिलांच्या घरी ठेवा, एक स्वतःच्या ईमेलवर. विद्यापीठाच्या ईमेलवर ठेवू नका. पदवीनंतर काही महिन्यांत तो बऱ्याचदा बंद होतो.